अर्धी वर, अर्धी खाली

१२ मे, सकाळी ७

गच्चीवरची मिरची कोणत्या दिवशी उचलायची? आईने आज चहा गाळता गाळता विचारलं, आणि मला उत्तर माहीत नाही. इथे लिहायला हरकत नाही, ही वही कोणी वाचत नाही. आईला मात्र सांगितलं, “मी आहे ना. आदल्या दिवशी सांगेन.”

आई दर मे महिन्यात कुळगावातल्या बेचाळीस घरांचा वर्षाचा मसाला करते. आठ पोती मिरची. ती गच्चीवर वाळवायची, देठ खुडायचे, आणि ठरल्या दिवशी उल्हासनगरला कॅम्प चारमधल्या अर्जन सेठच्या कांडपावर न्यायची. मे महिन्यात तिथे नंबर लागतात. आमचा नंबर वीस तारखेला सकाळी. माझी बी.एस्सी. याच मसाल्यावर झाली. आमच्या घरातली पहिली पदवी. बाबांनी सर्टिफिकेट लॅमिनेट करून टीव्हीच्या वर लावलंय. आत्या शेजारणींना ते ‘आभालाचा लायसन’ म्हणून दाखवते.

आता या शिक्षणाचा समाजाला उपयोग झाला पाहिजे. म्हणून ‘कुळगाव हवामान वेध’ हे माझं चॅनल. फॉलोअर २१४. साधनं: बाटली कापून केलेलं पर्जन्यमापक, रिबिनीचं वातदर्शक, आणि हवेचा दाब मोजणारा जुना मोबाइल.

निश्चय: १) रोज सकाळी दहा आणि दुपारी चारला दाबाची नोंद. २) अफवा पसरवायच्या नाहीत. ३) आत्यावर चिडायचं नाही.

१३ मे, दुपारी ४.१०

सकाळी दहा: १००६ मिलिबार. आत्ता चार: १००२.

सहा तासांत चार! पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, दाब वेगाने घसरला की वादळ. आकाश निरभ्र आहे, पण आकाश काय, शेवटी सांगतं. लगेच चॅनलवर इशारा टाकला. आई आणि जनाबाई आत्याने चार पोत्यांची पसरलेली मिरची वीस मिनिटांत गोळा केली. घाईत वाळलेली आणि न वाळलेली एकाच पोत्यात गेली. जीव वाचवताना असं होतंच.

आईची एक जुनी पद्धत आहे: अर्धी वर, अर्धी खाली. चार पोती गच्चीवर, तर चार बांधून घरात. सगळी एकदम कधीच उघडायची नाहीत. काळजीपोटी आहे हे समजतं. पण वेळ दुप्पट लागतो. कधीतरी बोलायला हवं.

सायंकाळी ७

पाऊस नाही. वादळ वळसा घालून गेलं असावं.

१४ मे, दुपारी ४.०५

आज मिरची घरातच ठेवायला लावली होती. बाहेर कडक ऊन. आई दोनदा गॅलरीत जाऊन उन्हाकडे बघून आली.

सकाळी १००६. चार वाजता १००२. पुन्हा! समुद्रात नक्की काहीतरी शिजतंय. दुसरा इशारा टाकला: ‘उद्याही सावध’. खाली एकाने लिहिलं, “मॅडम, कालच्या पावसात आमची म्हैस वाहून गेली, भरपाई कुठे मिळेल?” समाज विज्ञानासाठी तयार नाही.

पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आठ पोती मिरची. सगळे शिंकतोय. बाबा जेवताना तीन वेळा ताटावरून उठले. कमलेश, माझा धाकटा भाऊ, अंबरनाथच्या एमआयडीसीतून शिफ्ट करून आला आणि पोती सरकवून झोपायला जागा करताना म्हणाला, “ताई, तुझा ढग कुठपर्यंत आलाय? विचार त्याला, रिक्षा पाठवू का?” आत्या हसून हसून खोकली.

१५ मे, सकाळी ११

अंबरनाथच्या समीरचा मेसेज. तोही हवामान बघतो, तीन वर्षं. लिहितो: “विनिता, दाब रोजच दुपारी चारच्या सुमारास सगळ्यात खाली जातो. भरती-ओहोटीसारखं. तीन-चारचा फरक नेहमीचा. दहाची तुलना चारशी नको, कालच्या दहाची आजच्या दहाशी कर.”

हे मला माहीत होतंच. विसरले नव्हते, बाजूला ठेवलं होतं.

आईला हे सांगितलं नाही. तांत्रिक आहे. शिवाय मिरचीचा दुसरा दिवसही घरात चाललाय, म्हणजे आता सांगून ते ऊन परत येणार नाही.

निश्चय: यापुढे कोणतीही घसरण बघून घाबरायचं नाही.

१६ मे, दुपारी १२

आज डेटा गोळा करायचा म्हणून मिरची अजून एक दिवस थांबवली. आई म्हणाली, “डेटा वालवायचा हाय की मिरची?” हा विनोद तिला कमलेशने शिकवला असणार.

अर्जन सेठचा फोन. मी स्पीकरवर टाकला. “काशीबाई, बीस को सुबह आ जाना. बीस के बाद मैं नंबर नहीं देता. हवा में पानी आया तो मिर्ची हवा पी जाती है, फिर मूसल के नीचे चिपकती है. उसके बाद दिवाली.” आई म्हणाली, “येते सेठ, मेरी मिर्ची कडक रहेगी.”

मी हिशेब मांडला. एका पोत्याला दोन कडक उन्हं लागतात. चार पोती सतरा-अठराला. उरलेली चार एकोणीसला, आणि वीसला सकाळी... ते बसत नाही. एक ऊन कमी पडतंय. पण निसर्ग मदत करतो.

हवामान खात्याने सांगितलंय की गोव्याच्या पुढे समुद्रात कमी दाबाचा पट्टा आहे. पिवळा इशारा. पिवळा म्हणजे फक्त लक्ष ठेवा. मी तर ठेवतेच आहे.

१७ मे, सकाळी १०

दाब १००६. चार पोती गच्चीवर. ऊन उत्तम. लाल गालिचा पसरल्यासारखं दिसतंय. फोटो टाकला.

सायंकाळी ६

एक गोष्ट नोंदवून ठेवते, भीतीपोटी नाही, शास्त्र म्हणून. रोज संध्याकाळी एमआयडीसीकडून येणारा औषधी वास आज आला नाही. त्याऐवजी काहीतरी खारट. आत्या गच्चीच्या कठड्याला टेकून बसली होती. नाक वर करून म्हणाली, “विनू, हा खारीचा वास हाय गो. माझ्या सासरचा. हितं कसा आला?” आत्याचं सासर दिव्याजवळ, खाडीला लागून.

मी सांगितलं, तुझ्या सुकटीचा डबा उघडा राहिला असेल. ती खाली जाऊन बघून आली. म्हणाली, डबा बंद हाय.

रिबीन दिवसभर एका दिशेला होती. आत्ता सरळ खाली लोंबतेय.

१८ मे, सकाळी १०

दाब १००५. कालच्या दहापेक्षा एकने कमी. एक म्हणजे काहीच नाही.

दुपारी ३

ऊन पडलंय, पण पातळ. सूर्याभोवती दुधी कडं. मिरची हातात मोडत नाही, वाकते. आईने एक वाकवून दाखवली आणि माझ्याकडे बघितलं. म्हणजे या चार पोत्यांनाही उद्याचं ऊन लागणार.

पट्टा आता रत्नागिरीसमोर. ठाणे जिल्ह्याला नारिंगी इशारा. पण जिल्हा म्हणजे केवढा! मुरबाडपासून भाईंदरपर्यंत. त्यात आमची गच्ची किती? स्थानिक निरीक्षकाचं महत्त्व इथेच असतं.

समीरने विचारलं, तुझं दहाचं किती? मी एकने कमी असं कळवलं. त्याने लिहिलं, “माझंही. उद्याचं दहाचं बघून ठरव. मी तर गच्ची आजच रिकामी केली.” समीर माणूस चांगला, पण घाबरट.

सायंकाळी ५

मोठी बातमी. चिखलोलीच्या एका नव्या सोसायटीतून फोन. माझी मैत्रीण उमा तिथे राहते, तिने नाव सुचवलं. उद्या दुपारी तीनला त्यांच्या हॉलमध्ये माझं व्याख्यान! विषय मी सुचवला: ‘अफवा आणि आभाळ’. बाबांनी गल्लीत दोघांना सांगितलं. आत्याने विचारलं, पाऊस आला तर व्याख्यान कुठं? मी म्हणाले, हॉलला छप्पर आहे आत्या.

कावळे गप्प आहेत. आंब्यावरचं त्यांचं घरटं जराही हललेलं नाही. वारा नाही म्हटल्यावर हलणार कसं.

१९ मे, सकाळी १०.०५

१००१.

कालच्या दहापेक्षा चारने कमी.

तीन वेळा बघितलं. मोबाइल बंद करून सुरू केला. १००१.

शांतपणे विचार करते. मी तेरा तारखेला अशाच चारच्या घसरणीला घाबरले होते, आणि काय झालं? काही नाही. निश्चय आठवावा. शिवाय दाब रोज दुपारी चारने उतरतोच. आज तो सकाळीच उतरून मोकळा झालाय. म्हणजे दुपारची घसरण उरकली. दुपार स्थिर जाणार. हे पुस्तकात नाही, पण तर्काला धरून आहे.

आणि ऊन आहे. आत्ता, या क्षणी, ऊन आहे.

१०.४०

आई दारात येऊन उभी राहिली. हातात पोत्याची सुतळी. म्हणाली, “आज शेवटचा ऊन. आठही पोत्यांना पायजे. पन सगली मी कदी उघडली नाय. तू सांग.”

मी म्हणाले, उघड.

“नक्की?”

नक्की, म्हणाले.

जिन्यात आत्या आडवी आली. “काशी, चार तरी बांधलेली ठेव. मना आभाल बरा दिसत नाय.” आई म्हणाली, “वन्सं, पोरीला शिकवली कशाला मंग? एक डाव तिचा ऐकू.”

हे वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवते. पंधरा वर्षं आई माझ्या वह्यांना फक्त कव्हरं घालत आली. आज पहिल्यांदा तिने माझ्या वहीतलं काहीतरी मागितलं.

आठही पोती मी स्वतः पसरायला मदत केली. पाय ठेवायला जागा नाही. पाण्याच्या टाकीपर्यंत लाल.

दुपारी २.१५, रिक्षात

समीरचे दोन मेसेज. नंतर वाचेन, मुद्दे पाठ करतेय. रिक्षावाल्याने आरशातून मागे बघून म्हटलं, “मॅडम, पीछे आसमान देखो.” मी वळून बघितलं नाही. व्याख्यानाआधी मन विचलित होऊ द्यायचं नसतं.

२.५५, चिखलोली, सोसायटीचा हॉल

श्रोते चौदा. उमाने पहिल्या रांगेत पाणी ठेवलंय. मोबाइल फ्लाइट मोडवर टाकून टेबलावर ठेवला. दाबाचं प्रात्यक्षिक दाखवायचं आहे, मध्ये फोन आला तर रीडिंग बिघडेल.

३.२५, चहाची सुट्टी

सुरुवात छान झाली. “गुडघे दुखले की पाऊस, हे शास्त्र नाही,” या वाक्याला टाळ्या. मग हॉलमध्ये अंधारून आलं. कुणीतरी ट्यूबलाइट लावल्या. एक बाई ‘कपडे आहेत वाळत’ म्हणून गेल्या. त्यांच्यामागे तीन. मग ज्यांचे गुडघे दुखतात ते आजोबा गेले. श्रोते नऊ.

मोबाइलवर ९९७.

खिडकीतून बदलापूरच्या बाजूचं आकाश दिसतं. रंग लिहिता येत नाही. जुन्या तव्याच्या पाठीसारखा, पण खालून पिवळा. कुळगाव नेमकं त्याच्या खाली येतं.

३.४०

श्रोते चार. पैकी एक वॉचमन, तो खिडक्या लावायला आलाय. मी शेवटचा मुद्दा घेतला: ‘घाबरून निर्णय घेऊ नका’. उमा हळूच म्हणाली, “विनी, तुझ्या आईच्या मिरच्या कुठे आहेत?”

मी म्हणाले, वर.

“किती?”

वीज गेली. पत्रा उडाल्याचा आवाज. धूळ दाराखालून आत.

फ्लाइट मोड काढला. आईचे अकरा मिस्ड कॉल.

सायंकाळी ७, घर

रिक्षा मिळाली नाही. पाऊण तास चालत आले. गल्लीत शिरले तेव्हा पाऊस ओसरला होता. आमच्या इमारतीच्या गच्चीचा पाइप गटारात सुटतो. त्यातून लाल पाणी येत होतं. मिरचीच्या बिया गटाराच्या कडेला साचलेल्या. कोपऱ्यावरचे दुकानदार नाकाला रुमाल लावून उभे होते. मला बघून बाजूला झाले.

गच्चीवर आई, बाबा, कमलेश आणि आत्या. ताडपत्री शेजारच्या इमारतीच्या टाकीला अडकलेली. तिचं एक टोक आत्याच्या हातात होतं म्हणे, शेवटपर्यंत. तळहात सोललाय. पाण्याच्या टाकीखाली ओढून घेतलेली दीड पोतं मिरची वाचली. बाकी चिकटून काळी पडतेय.

सगळ्यांचे डोळे लाल. मिरचीच्या पाण्याने. आईचेही.

मी जिन्याच्या दारात उभी राहिले. कुणी रागावलं नाही. कमलेशने विनोदही केला नाही. रागावले असते तर मी काय उत्तर देणार हे रस्ताभर तयार केलं होतं: पट्ट्याने वेग अचानक वाढवला, खात्यालाही वेळ सांगता आली नव्हती. कुणी विचारलंच नाही.

फक्त आई म्हणाली, “अकरा वेला फोन केला. वाटला, तू सांगशील काय करायचा ते.”

२० मे, सकाळी ८

समीरचे सहा मेसेज वाचले. पहिला सकाळी १०.३०: “माझं १००१. तुझं? गच्ची रिकामी करा.” आईने ‘नक्की?’ असं विचारलं त्याच्या दहा मिनिटं आधीचा. फोन माझ्या हातात होता.

पर्जन्यमापक उतरवलं. ४३ मिलिमीटर. रंग लाल. रंगाचा रकाना माझ्या तक्त्यात नाही. पेनने आखला.

दुपारी २

कॅम्प चारला एकटी जाऊन आले. अर्जन सेठच्या दारात रांग होती, आमच्या नंबरावर दुसरी बाई बसलेली. मी सांगितलं, चूक माझी, आईची नाही, थोडी वाळवून आणली तर परवा घ्याल का. सेठ मूसल बंद करून ऐकत होते. म्हणाले, “बेटी, तेरी माँ अठारह साल से आती है. एक बार गीली मिर्ची नहीं लाई. इस बार क्या हुआ?” मग स्वतःच म्हणाले, “दिवाली के बाद आना. चाय पी के जा.” चहा घेतला. डोळ्यांत पाणी आलं तर तिथे कुणी विचारत नाही, ही त्या जागेची सोय आहे.

२१ मे, सकाळी ७

आईने चहा गाळता गाळता विचारलं, “आज ऊन परल का गो?”

मी गॅलरीतून बघितलं. ढग होते, मधून मधून निळं. मोबाइल टेबलावर होता. उचलला नाही.

म्हणाले, “माहीत नाही.”

आईने मान हलवली. दीड पोतं होतं. पाऊण गच्चीवर नेलं, पाऊण बांधून कॉटखाली सरकवलं. आत्या पट्टी बांधलेल्या हाताने कठड्याला टेकून बसली.

सायंकाळी ६

बेचाळीस घरं. आई म्हणत होती, फोनवर सांगू. मी यादी घेऊन निघाले. प्रत्येक दारात एकच सांगितलं: यंदा मसाला मिळणार नाही, आईने मला विचारलं होतं आणि मी चुकीचं सांगितलं. काहींनी पाणी दिलं. एका आजींनी विचारलं, तू तीच ना, आभालाचा लायसनवाली? हो म्हणाले. एका घरात म्हणाले, मग आम्ही बाहेरून घेऊ. तिथे जिन्यात थोडा वेळ बसले.

एकोणचाळीस घरं झाली. तिघे गावाला गेलेत, त्यांच्या शेजाऱ्यांकडे निरोप ठेवला.

येताना चॅनलवरचे सगळे अंदाज काढून टाकले. नाव बदललं: ‘कुळगाव, काल किती पडला’. खाली खात्याच्या इशाऱ्याची लिंक लावली आणि पहिली नोंद टाकली: १९ मे, ४३ मिलिमीटर. फॉलोअर २१४ वरून ३१. एकतिसावा नंबर आईचा, तिला कमलेशने जोडून दिलं.